विधी सेवेचे पॅनेल आणि सुरुवातीची वकिली : एका ज्युनियरच्या प्रश्नाचे उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा आहे. वकिलीची सनद मिळून तीन वर्षे पूर्ण झाली आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी एका सीनियरांच्या ऑफिसात बसता, महिन्याकाठी हातात पडणारी रक्कम प्रवासात आणि जेवणखर्चात संपते. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने आपल्या वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज मागवले आहेत आणि तो भरावा असे मनात आहे. परंतु बार रूममध्ये ‘एकदा फुकटचा वकील म्हणून नाव पडले की फी देणारा पक्षकार फिरकत नाही’ असे ऐकवले जाते, आणि घरीही ‘आधी पाय रोवा, समाजसेवा नंतर’ असाच सल्ला मिळतो. व्यवसायातली वाढ आणि समाजाचे काम यांचा मेळ कसा घालावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर आधीच सांगते: अर्ज भरा, मात्र प्रकरणे मोजकी घ्या आणि घेतलेले प्रत्येक प्रकरण हुकमावर न सोडता त्याच्या अंमलबजावणीपर्यंत न्या. मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा न्यायालयात १९९८ पासून वकिली करते आणि त्यातली बरीच वर्षे पॅनेलवर काम केले आहे. या कामातून घडलेले ज्युनियर मी पाहिले, तसेच वर्षानुवर्षे नुसत्या तारखा घेत त्यातच अडकून पडलेलेही पाहिले. त्यांच्यात बुद्धीचा फारसा फरक नव्हता. किती घ्यायचे आणि कुठवर न्यायचे हे एकाला उमगले होते, दुसऱ्याला नव्हते.

‘समाजसेवा नंतर’ या सल्ल्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण त्यात हे काम आपल्या व्यवसायाच्या बाहेरचे आहे असे गृहीत धरलेले असते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ४६ वा नियम वाचा. ज्याला वकिलाची खरोखर गरज आहे त्याला पुरेशी फी देता आली नाही तरी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि गरजूंना व पीडितांना विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाच्या समाजाप्रति असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे, असा त्याचा आशय आहे. त्याच नियमात ‘वकिलाच्या आर्थिक स्थितीच्या मर्यादेत’ अशी अटही आहे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी तुमच्या पोटाचाही विचार केलेला आहे, आणि जे काम नियमाने कर्तव्य म्हणून सांगितले आहे ते पाय रोवून झाल्यावर करायचे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत विधी साहाय्याचे अनुच्छेद ३९-अ आले. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला अपिलासाठी राज्याने वकील पुरवला पाहिजे असे सांगितले. आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तुम्ही भरणार आहात तो अर्ज या सगळ्या वाटचालीतून आलेला आहे.

आता वाढीविषयी. सीनियरांच्या ऑफिसात ज्युनियर पुष्कळ शिकतो, परंतु एका ठरावीक अंतरावरून शिकतो. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, पाहायचा, पुकारा झाला की ‘सीनियर दुसऱ्या कोर्टात आहेत’ असे सांगायचे, नक्कल अर्ज टाकायचा, समोरच्या बाजूचा ‘से’ (लेखी म्हणणे) आला की त्याची प्रत आणायची, पुरसीस (न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन) द्यायची. हे सगळे आवश्यक आहे, आणि शिरस्तेदारांच्या टेबलापाशी उभे राहून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, वाचायला शिकलेला ज्युनियर पुढे कुठेही अडत नाही. परंतु या कामात पक्षकार सीनियरांचा असतो. तो तुमच्याशी बोलतानाही त्यांच्या केबिनकडे पाहत असतो. पॅनेलच्या फाइलमध्ये वकीलपत्रावर तुमचे एकट्याचे नाव असते. दाव्याचे कारण काय लिहायचे, कोणता साक्षीदार आधी तपासायचा, निशाणी ५ च्या, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या, अर्जावर किती जोर लावायचा, तडजोड सुचवायची की नाही, हे निर्णय तुमचे असतात आणि चुकले तर उत्तरही तुम्हालाच द्यावे लागते. न्यायाधीशांपुढे तुम्ही प्रथमच स्वतःच्या नावाने उभे राहता. ऑफिसात ज्याच्यासाठी एरवी पाच-सहा वर्षे थांबावे लागते तो पहिला उलटतपास पॅनेलच्या प्रकरणात पहिल्या वर्षातही वाट्याला येऊ शकतो.

हे नेमके कसे घडते ते पोटगीच्या एका प्रकरणातून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आली. नवऱ्याने सोडलेली, दोन मुले, भावाच्या घरी राहणारी. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र देणे आवश्यक झाले आहे. त्याचे नमुने निकालासोबतच दिलेले आहेत आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. माझ्या ज्युनियरने तो नमुना तिच्यापुढे ठेवून ‘महिन्याचा खर्च किती?’ असे विचारले. ती म्हणाली, ‘खर्च कसला साहेब, भाऊ खाऊ घालतो.’ ज्युनियरने रकान्यात शून्य लिहायला पेन टेकवले होते. मी त्याला थांबवले आणि तिला म्हटले, ‘बाई, सकाळी उठल्यापासून सांगा.’ चहाची साखर कोणी आणली, सिलिंडर कोणाच्या नावावर आहे आणि मागच्या वेळी पैसे कोणी भरले, मुलाच्या वहीचे, मुलीच्या दम्याच्या पंपाचे, शाळेच्या रिक्षाचे, दिवाळीत मुलांना कपडे कोणी घेतले. दोन तास गेले. भावाने दिलेला प्रत्येक रुपया ही तिच्या नवऱ्याची जबाबदारी होती, आणि तिच्या भावजयीच्या वहीत त्यातला बराचसा तारीखवार लिहिलेलाही होता. ती वही पुढे पुराव्यात आली. ज्युनियरने नंतर नवऱ्याचा उलटतपास घेतला तेव्हा त्याने एकही प्रश्न पुस्तकातून घेतला नव्हता. सगळे त्या दोन तासांतून आलेले होते. फी देणारा पक्षकार बहुधा कागद नीट लावून आणतो. ज्याला आपल्याकडे काय पुरावा आहे हेच ठाऊक नसते, त्याच्याकडून पुरावा काढून घेण्याची सवय विधी सेवेच्या कामात लागते, आणि ती सवय पुढे मोठ्यात मोठ्या दाव्यातही उपयोगी पडते.

‘अंमलबजावणीपर्यंत न्या’ असे मी का म्हणते, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. २००४ च्या सुमारास पॅनेलवरच्या एका प्रकरणात मी एका शेतमजूर बाईला दरमहा ८०० रुपये पोटगीचा हुकूम मिळवून दिला. हुकमाची नक्कल तिच्या हातात दिली, प्राधिकरणाकडे प्रकरण निकाली निघाल्याचे पत्र दिले आणि फाइल बांधून माळ्यावर टाकली. ती बाई दोन वर्षांहून अधिक काळ गेल्यावर परत आली. नवऱ्याने एकही रुपया दिला नव्हता. ‘कोर्टाचा कागद आहे, आज ना उद्या देईल’ म्हणून ती वाट पाहत राहिली होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५(३) खाली थकबाकीच्या वसुलीचे वॉरंट मिळण्यासाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागत असे. तो अर्ज मी केलेला नव्हता आणि करावा लागतो हे तिला सांगितलेही नव्हते. त्या वाटेने मागच्या एका वर्षाचीच रक्कम मागता आली. आधीच्या महिन्यांचे पैसे त्या मार्गाने हातचे गेले, ते केवळ माझ्या हयगयीमुळे. तिने मला एक शब्दही उणा बोलला नाही, आणि त्याचे वाईट मला आजही वाटते. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद आता कलम १४४ मध्ये आहे आणि एक वर्षाची मुदतही तशीच आहे. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसात पोटगीचा हुकूम झाला की त्याच दिवशी डायरीत दहाव्या महिन्याची एक तारीख टाकली जाते आणि त्या तारखेला पक्षकाराला फोन जातो. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीचेही, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाचेही, तसेच आहे. आपल्याकडे दावा जिंकून देणारे पुष्कळ असतात, दरखास्त चालवणारे कमी. आणि गरीब पक्षकाराच्या दृष्टीने दरखास्तीशिवाय हुकूमनामा हा नुसता कागद असतो.

यावरून संख्येचा प्रश्न येतो. पहिल्या वर्षी एका वेळी दोन किंवा तीनच प्रकरणे हाती ठेवा, असे मी सुचवते. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. परंतु सीनियरांचे काम सांभाळून त्याहून अधिक प्रकरणांना ज्युनियर न्याय देऊ शकतो असे मी पाहिलेले नाही. पॅनेलच्या तारखेला खासगी काम आले की पॅनेलची तारीख वाढवून मागण्याचा मोह होतो. ज्या पक्षकाराने तुम्हाला पैसे दिलेले नाहीत त्याला तक्रार करायचे धाडस होत नाही, म्हणून हा मोह फार लवकर सवयीत बदलतो. तिकडे तो पक्षकार पहाटेच्या एसटीने आलेला असतो, त्याचा दिवसाचा रोज बुडालेला असतो आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची असते. हे ज्याला टाळायचे आहे त्याने प्रकरणांची संख्याच मर्यादित ठेवावी.

काही वेळा ‘नाही’ म्हणणे हेच कर्तव्य असते. गंभीर सत्र खटल्यात नाव पुढे येण्याचा आनंद तरुण वकिलाला होतो. मलाही झाला होता. अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा १८ डिसेंबर २०१९ चा निकाल प्रत्येक ज्युनियरने वाचून ठेवावा. त्यात आरोपीसाठी ज्या दिवशी न्यायालयाने वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि खटला वेगाने पुढे जाऊन फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा प्रकरणांत किमान दहा वर्षे वकिली केलेल्यांचाच विचार व्हावा, तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत आणि वकिलाला आरोपीशी भेटून चर्चा करण्याची मुभा असावी, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या तीन वर्षांच्या अनुभवावर असे प्रकरण कोणी घाईने सोपवू लागले, तर हा निकाल दाखवून नम्रपणे नकार द्या किंवा अनुभवी वकिलाचे साहाय्यक म्हणून नेमणूक मागा. लहान प्रकरणातही, नेमणूक झाली त्याच दिवशी उलटतपास घ्या असे सांगितले गेले तर वेळ मागायला संकोच करू नका. न्यायाधीश रागावतील ही भीती बहुधा निराधार असते; वेळ कशासाठी हवा आहे हे दोन वाक्यांत सांगता आले की वेळ मिळतो.

फौजदारी कामाची ओढ असेल तर आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेनुसार जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालये, म्हणजे गरजू आरोपींना मोफत बचावाचे वकील देणारी कार्यालये, सुरू झाली आहेत. तिथे मुख्य, उप आणि सहायक अशी पदे असतात, काम पूर्णवेळ असते आणि खासगी वकिली करता येत नाही. सहायकाच्या पदासाठी सुरुवातीच्या वर्षांतल्या वकिलांचाच विचार होतो. ठरावीक मानधन आणि रोज रिमांड, जामीन, साक्षी हे काम एकत्र मिळत असल्याने ज्याच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्याला ही वाट मी आवर्जून सुचवते, मात्र दोन-तीन वर्षे दिवाणी बाजू सुटेल हे समजून. जिथे हे कार्यालय आहे तिथे फौजदारी प्रकरणे प्रामुख्याने त्यांच्याकडे जातात. त्यामुळे पॅनेलवरच्या वकिलाकडे दिवाणी, कौटुंबिक आणि महसुली स्वरूपाचे काम अधिक येईल, हे धरूनच अर्ज भरा.

फौजदारी कामातली एक गोष्ट मात्र पॅनेलवर असा वा नसा, लक्षात ठेवा. जामिनाचा हुकूम झाला म्हणजे माणूस सुटला असे नाही. ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार ज्याला मिळत नाही तो हुकूम होऊनही आत राहतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता आणि तोही स्थानिकच हवा असे सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचे ठरवले. त्याच न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. परजिल्ह्यातून ऊसतोडीला किंवा बांधकामावर आलेल्या मजुराला स्थानिक जामीनदार कोण राहणार? असा एक तरुण जामीन होऊनही चाळीस दिवस आत होता, कारण हुकूम झाल्यावर त्याच्या वकिलाने पुन्हा चौकशी केली नव्हती आणि त्याच्या घरी कोणाला काय करायचे ते माहीत नव्हते. अट शिथिल करण्याचा अर्ज दीड पानाचा होता. तो लिहायला अर्धा तास लागला.

पैशांविषयी मोकळेपणाने लिहिते. पॅनेलची फी थोडी असते आणि उशिरा मिळते, त्यामुळे घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता तिच्या भरवशावर ठेवू नका. विधी सेवेच्या पक्षकाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. ‘टायपिंगपुरते’, ‘झेरॉक्सपुरते’, ‘खुशीने देतो आहे’ यातले काहीही चालत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत हे स्पष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने ही या कामातली सर्वांत कडक रेषा आहे. एकदा शंभर रुपये घेतले की तो पक्षकार गावात जाऊन ‘फुकट म्हणतात, पण घेतातच’ असे सांगतो आणि त्यानंतर त्या गावातून खरी गरजू बाई तुमच्याच नव्हे, कोणाच्याही दारात येत नाही. तुमच्या स्वतःच्या उत्पन्नाचा प्रश्न सीनियरांशी बोलून सोडवा. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियरांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली आहे. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक सीनियरांना एवढे झेपणारही नाही. तरी बोलणी सुरू करायला आधार म्हणून तिचा उपयोग होतो. पॅनेलचा अर्ज करण्याआधी सीनियरांना सांगा आणि आठवड्यातला कोणता वेळ त्या कामाला लागेल हेही ठरवून घ्या. त्यांना दुसऱ्याकडून कळले तर कारण नसताना दुरावा येतो.

कायदेविषयक शिबिरांबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. गावात मांडव घालून एका तासात पाच कायदे सांगायचे, हारतुरे घ्यायचे आणि फोटो काढून परतायचे, याने कोणाचेही भले होत नाही. एकच विषय घ्या आणि तो लोकांच्या हातातल्या कागदावरून समजावून सांगा. आमच्या भागात मी हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, हा विषय घेते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहे, हे विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट झाले. तरी वडील वारले की महिन्याभरात भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातो, तिथे सही होते आणि तिला वाटते आपण वारसनोंदीसाठी आलो होतो. म्हणून मी बायकांना घरचा सातबारा आणि फेरफार घेऊन यायला सांगते आणि वारसनोंद कोणती, हक्कसोड कोणते, हे त्यांच्याच कागदावर बोट ठेवून दाखवते. सही करू नका असे मी कधीच सांगत नाही. तो तिचा आणि तिच्या माहेराचा प्रश्न आहे. कशावर सही करतो आहोत ते कळल्यावर करा, एवढेच सांगते. एका शिबिरात पन्नाशीच्या एका बाईंनी आपला सातबारा पहिल्यांदा स्वतःच्या हातात धरला होता. इतर हक्काच्या रकान्यापर्यंत त्यांचे बोट जाऊन थांबले आणि त्या म्हणाल्या, ‘हे नाव तर माझंच की.’

शिबिरात दोन पथ्ये पाळा. व्हिजिटिंग कार्ड वाटू नका. आचारनियमांतला ३६ वा नियम कामाची याचना करण्यास मनाई करतो, आणि शिबिर हे त्याच्यातून काढलेली पळवाट नव्हे. दुसरे म्हणजे, कोणी प्रकरण सांगू लागला की आधी समोरच्या पक्षाचे नाव विचारा. ३३ व्या नियमानुसार एका बाजूला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही. तुम्ही मांडवात ज्याला दहा मिनिटे सल्ला दिला त्याचा भाऊबंद उद्या तुमच्या सीनियरांच्या ऑफिसात पक्षकार म्हणून बसलेला आढळला तर सगळेच अडचणीत येतात. लहान जिल्ह्यात हे नेहमी घडते. आणि ज्या बायकांना ‘उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणून कोणी परत पाठवलेले असेल त्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ दाखवा: स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट लागू नाही.

‘फुकटचा वकील’ या शिक्क्याची भीती मला समजते, कारण ती मीही बाळगली होती. अनुभव असा की शिक्का बसतो तो फी न घेतल्यामुळे नव्हे, तयारी न केल्यामुळे. माझे पहिले फी देणारे स्वतंत्र पक्षकार कोठून आले ते सांगते. एक होता पोटगीच्या प्रकरणातल्या बाईचा चुलतभाऊ, ज्याने भावकीतल्या वाटणीचा दावा माझ्याकडे दिला. दुसरे तर समोरच्या बाजूचे साक्षीदार होते; उलटतपासात मी त्यांना अडचणीत आणले होते आणि दोन वर्षांनी स्वतःच्या बांधाच्या वादासाठी ते माझा पत्ता विचारत आले. न्यायालयातले कर्मचारी, टायपिस्ट, कॅन्टीनवाले हे सगळे रोज पाहत असतात की कोणता वकील गरिबाच्या प्रकरणातही वेळेवर उभा राहतो. ‘चांगला वकील कोण?’ असे गावाकडचा माणूस बहुधा त्यांनाच विचारतो.

या कामाने व्यवसाय खुंटतो असे वाटत असेल तर महाडच्या दाव्याचा रोजनामा डोळ्यापुढे आणा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर १९२७ मध्ये त्यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर महाडच्या न्यायालयात दिवाणी दावा दाखल झाला. म्हणजे त्यांच्या वकिलीला तेव्हा पाच वर्षेही झाली नव्हती. तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. आधी तूर्तातूर्त मनाई मिळाली, पुढे ती उठली, मग साक्षीपुरावा, मग अपील, आणि शेवटी १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात वादींचे दुसरे अपील फेटाळले गेले, ते वहिवाट सिद्ध झाली नाही या मुद्द्यावर. सव्वानऊ वर्षे गेली. सभेत आणि सत्याग्रहात जे तत्त्व म्हणून मांडले गेले, ते न्यायालयात ‘ही वहिवाट कधीपासूनची, आणि तिला पुरावा काय’ या साध्या प्रश्नावर टिकवून धरावे लागले. सामाजिक कामाची तळमळ असलेल्या ज्युनियरांना मी हा निकाल वाचायला देते, कारण आपल्या व्यवसायात तळमळीलाही मुद्दे, साक्षी आणि कागद यांतूनच वाट काढावी लागते आणि त्यासाठी वर्षानुवर्षे तारखेला हजर राहावे लागते.

आता तुमच्या अर्जाकडे येते. विनियमांनुसार पॅनेलसाठी तीन वर्षांची वकिली लागते, ती तुमची झाली आहे. कोणत्या विषयात काम करायचे आहे हे विचारले असेल तिथे सगळ्या विषयांवर खूण करू नका; कौटुंबिक आणि दिवाणी असे दोनच लिहा, आणि सचिवांची भेट घेऊन सुरुवातीला दोन-तीनच प्रकरणे द्यावीत अशी विनंती करा. त्यांना त्याचे वाईट वाटत नाही. प्रकरण अर्धवट टाकणाऱ्या वकिलापेक्षा आधी मर्यादा सांगणारा वकील त्यांना हवाच असतो. विधी सेवेच्या फाइलींसाठी वेगळी डायरी करा, तिच्यात प्रत्येक तारखेला काय झाले हे दोन ओळींत लिहा. प्राधिकरणाला प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो तेव्हा तीच उपयोगी पडते. पहिले नेमणुकीचे पत्र हातात आले की त्याच दिवशी पक्षकाराला स्वतः फोन करा. त्याच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र त्याला मिळाले असेल आणि वाचता आले असेल, असे धरून चालू नका. तुमचे नाव, पुढची तारीख आणि न्यायालयाचा मजला सांगा, आणि येताना घरात असतील ते सगळे कागद, निरुपयोगी वाटले तरी, एका पिशवीत घालून आणायला सांगा.